हराळीला पाणी

१९ एप्रिल
शेवंती गाभण आहे! जनावरांच्या डॉक्टरबाई आज मूर्तिजापुराहून आल्या, घोडीच्या पोटावर हात ठेवला आणि हसल्याच. "ताई, ही नुसती खाऊन फुगलेली नाही. महिन्याभरात शिंगरू देईल." आणि आम्ही येडे, घेतल्यापासून ते पोट पाहून खूश! मामाजी (माझे सासरे) तर घेतानाच म्हणाले होते, "खात्यापित्या घरची दिसते."
घोडी घेतली वरातींसाठी. लग्नाचे हार आपल्या मळ्यातल्या फुलांचे, मग घोडी परक्याची काहून, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. आता वराती बंद. ह्यांचं तोंड उतरलं. माझे पाय मात्र जमिनीवर नाहीत.

२२ एप्रिल
ओला चारा द्या, म्हणे. ह्या उन्हात आणू कुठून? बांधावरचं गवत तर हात लावला की मोडतं. विहिरीजवळ पाटाच्या कडेला तेवढी हराळी हिरवी. जन्म गेला ती उपटण्यात. आज तिथेच वाफा बांधून तिला पाणी सोडलं. शेजारच्या काकू बांधावर थबकल्या.
"बाई वो, हराळीले पानी देऊन राह्यली? येड लागलं का तुले?"
"हो काकू, लागलं!"
दिवसभर हसू येत होतं.

२६ एप्रिल
हराळी तरारली. शेवंतीला उजाडता उजाडता सोडते, ऊन चढायच्या आत निंबाखाली. भोवती ओली पोती टांगली, चाटायला मिठाचा खडा.
मामाजींची वेगळीच काळजी. "हे रवंथ काहून करत नाई? दुखतं तं नाई ना इचं?" घोडी रवंथ करत नसते, असं दोनदा सांगितलं. पटलं नाही. दुपारभर तिच्या जबड्याकडे पाहत बसले होते. आयुष्य गाईबैलांत गेलं, त्यांचा काय दोष. मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसले.

३ मे
हसू सगळं जिरलं. लग्नाचे हार पोचवायला ह्यांच्याबरोबर अमरावतीला दोन दिवस गेले होते. आज येऊन पाहते तर वाफ्यात नुसती काळी माती. मामाजींनी कुदळीनं हराळी खणून काढली, मुळासकट.
"वावरात हराळी पाहवत नाई मले. हात राह्यला नाई."
मग घोडी काय खात होती? तुरीचं कुटार, मळणीचा कोरडा भुसा. टोपलं भरभरून. "गाय तं आवडीनं खाते." गाईचं पोट वेगळं, घोडीचं वेगळं! पाणीही धड प्यायली नाही. कालपासून लीद नाही. पुढच्या पायानं माती उकरते, वळून वळून पोटाकडे पाहते. मामाजींना बोलले. नको तेवढं बोलले. डॉक्टरबाईंना फोन केला, निघाल्या आहेत.

४ मे
नाकातून नळी घालून तेल, पाणी. कुटार आत घट्ट बसलंय म्हणाल्या. लोळू द्यायचं नाही, सावलीत हळूहळू फिरवायचं. मी, हे, मामाजी, आळीपाळीनं.
सांजच्याला मामाजी ओरडले, "टाकली वो! लीद टाकली!" सगळी आळी गोळा झाली. लीद पाहून कोणी रडतं का? मी रडले. काकूंनी साखर वाटली!
डॉक्टरबाई शेवटपर्यंत पोटाला कान लावून होत्या. "आई वाचली. आतल्याची हालचाल लागत नाही. वाट पाहा."

६ मे
काही नाही. तळहात दुखेपर्यंत पोटावर ठेवला. मामाजी अर्धी भाकर टाकून उठतात. माझ्याशी बोलत नाहीत, मीही...

९ मे
जिवंत आहे! जिवंत आहे! सकाळी शेवंती रांजणातलं गार पाणी प्यायली, मी सवयीनं हात ठेवला आणि आतून धडक! "मामाजी!" म्हणून असं काही ओरडले की ते धोतर सावरत धावत आले. त्यांचा हात धरून पोटावर ठेवला. पुन्हा धडक. त्यांनी हात झटकन मागे घेतला.
"लाथ मारली मले त्यानं!"
"मारणारच. कुटार चारलं ना त्याच्या मायले."
दोघंही किती तरी वेळ हसत होतो. सहा दिवसांनी बोललो.
दुपारी पाहिलं तर म्हातारा डोक्याला दुपट्टा बांधून त्याच वाफ्यात हराळीची मुळं रोवत होता. मी चहा नेऊन दिला.

१३ मे
कास भरली. सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब! डॉक्टरबाई म्हणाल्या, आता एकदोन दिवसच. ह्यांनी जुनी धोतरं धुऊन वाळवून ठेवली. वराती विसरले वाटतं.

१४ मे, पहाट
पाणमोट फुटली! शेवंती आडवी झाली, घामानं निथळतेय. डॉक्टरबाई वाटेत आहेत, फोनवर सांगितलं, आधी पुढचे दोन खूर, त्यांवर नाक, असंच दिसलं पाहिजे. दुसरं काही दिसलं तर ओढायचं नाही. एक खूर दिसला. एकच. हे टॉर्च धरून, मामाजी तिचं डोकं मांडीवर घेऊन. मी धोतरं न्यायला आत आले, आधी इथे दोन ओळी
मामाजींची हाक आली. "पोरी, ये वो! ये लवकर!"
आवाजावरून काही कळत नाही. आले.