कांदाचाळीचं दार

प्रिय क्लाईड,

गेटापाशी टाकून गेलास ती लाकडं मिळाली. तू हॉर्न वाजवला नाहीस, आणि खिडकीतून तुझी गाडी दिसूनही मी बाहेर आले नाही. वेन्डलला पुरल्यापासून आपलं असंच चाललंय. तोंडानं बोलता येत नाही म्हणून लिहिते.

इथे बोलायला येणाऱ्यांची कमी नाही. आमदार हॅलॉक बायकोनं केलेला ॲपल-पाय घेऊन आले. जाताना दारात म्हणाले, "लोर्ना, बंदूक साफ करताना उडाली असं सांगत जा. आपल्याकडे सगळे तेच सांगतात." दुसऱ्या दिवशी राजधानीतून, बॉइझीहून, बंदूकविरोधी संघटनेतल्या एका मुलीचा फोन. बंदुकीच्या बळींमध्ये वेन्डलचं नाव घ्यायला तिला माझी परवानगी हवी होती. फार अदबीनं बोलली. बंदूकच घरात नसती तर, असं म्हणाली. मी विचारलं, मग काय असतं? पाद्री म्हणाले, मरणाची वेळ देवानं ठरवायची असते. प्रत्येकाला माझा नवरा हवाय, आपापल्या बाजूला उभा करायला. जिवंतपणी त्याला उभं राहता येत नव्हतं, तेव्हा यातलं कुणी आलं नाही.

मागच्या वसंतात डॉक्टरांनी सांगितलं होतं: आधी पाय, मग हात, मग गिळणं, मग श्वास. डोकं शेवटपर्यंत शाबूत. त्याच आठवड्यात मी भिंतीवरच्या सगळ्या बंदुका तुझ्या तिजोरीत पाठवल्या. आपल्याकडे माणूस खचला की हेच करतात, सावरला की परत आणून देतात, कुणी काही विचारत नाही. वेन्डलनं मोकळ्या खिळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "भिंतीचं टक्कल केलंस की गं." पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही.

काढला तो नदीचा. पलीकडे ओरेगन राज्यात असा रोगी डॉक्टरांकडून शांत मरणाचं औषध मागून घेऊ शकतो. आपल्या बिछान्यात, आपल्या माणसांत, आपण ठरवू त्या दिवशी. पण राहणारा तिकडचा हवा. जन्मभर त्या नदीत मासे धरले आणि आता तिनं मला परका केलं, म्हणायचा. तसा कायदा इथेही करा म्हणून हॅलॉकना त्यानं दोनदा पत्र लिहिलं. उत्तरादाखल छापील शुभेच्छा आल्या.

मग शिकारीचा हंगाम सुरू झाला. मी चर्चच्या जेवणाला गेले होते. परतले तर कांदाचाळीच्या दारावर पुठ्ठा, वाकड्या अक्षरांत: आत येऊ नकोस, क्लाईडला बोलाव. मी आत गेले नाही. तू गेलास. नंतर शवपेटीही बंदच ठेवली. माझ्या नवऱ्याचं शेवटचं तोंड तू पाहिलंस, मी नाही. आणि ती रायफल तुझ्याच तिजोरीत होती, एवढं मला कळतं. काय सांगून मागितली असेल ते माहीत नाही. तू त्याचा जन्माचा दोस्त, त्याला नाही म्हणणं तुला कधी जमलंच नाही.

तुझ्यावर राग आहे. पण माझी झोप उडवणारा राग वेगळा आहे. त्याचं बोट चापावर अजून वाकत होतं म्हणून तो तेव्हा गेला. थांबला असता तर तेही गेलं असतं. त्याला थांबायचं होतं, क्लाईड. नाताळात नातीला बुद्धिबळ शिकवणार होता, पट आणून ठेवलाय. औषध उशाशी आहे एवढं माहीत असतं, तर तो नाताळ बघून गेला असता, कदाचित पुढचा वसंतही. जीव वाचवायचा म्हणून ज्यांनी कायदा अडवून धरला, त्यांनी त्याचे उरलेले महिने खाल्ले. आणि वर ॲपल-पाय घेऊन आले.

ओरेगनसारखा कायदा इथे व्हावा का, यावर येत्या गुरुवारी बॉइझीला सुनावणी आहे. बोलणाऱ्यांत मी नाव दिलंय. बंदूक कुठून आली ते विचारतील. साफ करताना उडाली असं मी सांगणार नाही. पुढचं उत्तर तुझं आहे, म्हणून आधी तुला कळवते. रायफल देताना तुला काय ठाऊक होतं, हे मी कधी विचारणार नाही. पण त्या दारातून माझ्याऐवजी तू आत गेलास. आता माझ्याबरोबर एका दारातून आत ये. वेन्डल एकटा गेला. मला तिथे एकटीनं बसायचं नाही. गुरुवारी सकाळी गाडी गेटापाशी आण आणि हॉर्न वाजव.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
लोर्ना