साखऱ्याचा भाव काहून फिरला

१० फेब्रुवारी
आमच्यावर सट्टा लागून राहिला! रविवारी नरसीला क्रिकेटची फायनल — आमचा साखरा विरुद्ध हिंगोली. विकेटकीपर वासिफ सांगत होता, "साखऱ्यावर शंभर लावले तर जिंकल्यावर वर चाळीसच सुटतात. म्हणजे समद्यांना वाटतं आपणच जिंकणार. तुझ्या बॉलिंगमुळं, सोमा!"
छाती फुगली. पाठ मात्र ठणकतेय. हे फक्त माझ्या बायकोला, पुनमला ठाऊक. बिचारी रोज शेकून देते.

१२ फेब्रुवारी
भाव फिरला! आता साखऱ्यावर शंभराला वर दीडशे!
"सामना तर झालाच न्हाई. मग काहून?"
"भाव पैशावर फिरतो," वासिफ म्हणाला. "कुणीतरी हिंगोलीवर मोठी रक्कम लावली. हिंगोली जिंकली तर सट्टेवाला बुडतो. म्हणून त्यानं तिकडचा भाव पाडला, आपला वाढवला. लालचीनं लोक आपल्याकडं लावतील, त्याचं दोन्हीकडं बराबर होईल."
मग हळूच — "एवढी रक्कम उगी कोणी लावत न्हाई. त्याला काहीतरी ठाऊक हाय."
घरी येऊन पुनमला विचारून बसलो — पाठीचं कुणाला बोललीस का?
"म्या? लेकराची आण!" रडली.

१३ फेब्रुवारी
शेवटी वासिफला पाठीचं सांगितलं.
"म्हाईत हाय मला. तुझा बॉल पोचतच न्हाई. केव्हाचा पुढं सरकून उभा राहतो मी!"
म्हणजे मैदानाच्या कडेला बसणाऱ्या कुणालाही दिसलं असतं! आणि मी बायकोवर संशय घेतला. माफी मागितली. "आधी दवाखान्यात चला," एवढंच म्हणाली.

१४ फेब्रुवारी
हिंगोली. वासिफनं गाडीवर बसवून नेलं. मणक्याला बारीक चीर! "आता खेळलात तर चालणं मुश्कील होईल" — डॉक्टर. विश्रांती घेतली तर भरून येईल म्हणे.
पुनमचे उपकार. वासिफचे उपकार. आणि आमच्याविरुद्ध पैसा लावणाऱ्या त्या माणसाचेही! भाव फिरला नसता तर मी तोंड उघडलंच नसतं. कोण असेल तो? देव त्याचं भलं करो.

१६ फेब्रुवारी
जिंकलो!! मी बाहेर बसून टाळ्या वाजवल्या. माझ्या जागी दिपक — काय बॉल टाकले पठ्ठ्यानं! जरा जळलो. पण जरासाच.

१७ फेब्रुवारी
वासिफनं त्या माणसाचं नाव शोधून काढलं. हिंगोलीवर लावणारे माझे बाबा! गोऱ्हा विकला त्याचे पैसे — समदे गेले.
विचारलं. मान वर केली नाही त्यांनी. "तुझी पाठ गेली हे दिसत होतं मला. अन् तू न्हाईस तर साखरा जिंकतो का रे?"
माझ्या बॉलिंगबद्दल बाबा आज पहिल्यांदा बोलले.