शेवाळाला कृष्णामाईचं पाणी

मंगळवार, कराड

ती कळशी डोळ्यांसमोरून जात नाही. आमच्या रोपवाटिकेचे मालक आबासाहेब जन्माचे ऊसवाले. कोकणात लावायची समुद्री शेवाळाची रोपंही त्यांना उसाची कांडीच वाटतात. आज पाहुण्यांसमोर म्हणाले, "पयलं पाणी कृष्णामाईचं!" आणि रोपांच्या खाऱ्या पाण्याच्या टबात नदीच्या पाण्याची अख्खी कळशी उपडी केली.

टब धुणाऱ्या सुमनमावशी ओरडल्या, "आवं आबा, ह्यास्नी गोडं पाणी चालत न्हाई!"

"मला शेती शिकवतीस व्हय?"

पाहुणे खिदळले. संध्याकाळी रोपं पांढरीफटक पडली. मूर्ख माणूस!

आणि शेवाळात डॉक्टरेट केलेली मी? आत्ताच फोटो आलाय. कळशीला खालून हात लावून दात काढत उभी आहे ती मीच.