भोंगा वाजला की बाहेर

२ जुलै, सकाळ.
राजूरच्या पंचायतीवर सायरन लागला. व्हॉलंटियर मी. नाल्याचं पाणी चढलं की तालुक्याहून बटन दाबतील, नाल्याकाठचे सगळे शाळेच्या टेकडीवर जातील. मागच्या वर्षी शेजारच्या कोकिळाकाकूच्या शेळ्या वाहून गेल्या. यंदा माणूस जाऊ शकते. मी जाऊ देणार नाही. सिम्पल.

६ जुलै.
पहिली ड्रिल. सायरन होताच लोकांनी वाळते कपडे ओढले, पोरं आत घेतली, कड्या लावल्या. टेकडीवर मी अन एक कुत्रं.
रिस्पॉन्स शंभर टक्के. फक्त डायरेक्शन चुकली.

६ जुलै, दुपार.
काकूले विचारलं, काहून? म्हणे, बाबू, खाणीत सुरुंग उडवाच्या आधी भोंगा होते, तवा आमी घरात घुसतो. दगड येते उडत. जलम गेला असा. अन तू म्हनतं बाहेर पळा.
पॉइंट आहे. टोन बदलतो.

११ जुलै.
नवीन टोन, ॲम्ब्युलन्ससारखा. लोक बाहेर आले. ॲम्ब्युलन्स कोणाकडे आली पाह्याले थेट नाल्याच्या पुलावर जमले. सरपंच वामनराव म्हणे, वा रे इंजिनियर, डुबाची जागाही तूच दाखवली.
पण बाहेर आले. प्रोग्रेस.

१५ जुलै.
पाऊस थांबत नाही. डोळे मिटले की काकू कडी लावून बसलेली दिसते, अन दाराखालून पाणी. घरोघरी गेलो. पाया पडलो. टोन पुन्हा बदलला: खाणीचा भोंगा तुटक, आपला आता लांब, तोंडानं वाजवून दाखवला. पोरं हसली. काकू म्हणे, जाईन बाबा, आता घसा बस्ला तुहा.
कोणी जाणार नाही. एकेकाले मलेच उचलून न्यावं लागेल. तयारी आहे.
आई म्हणे, जेव. जेवणार नाही.
जेवलो.

२२ जुलै, संध्याकाळ. शाळेत.
दुपारी खरं पाणी आलं. सायरन लांब वाजला. नाल्याकाठचे सगळे टेकडीवर आले, काकूकडे बसलेली आईसुद्धा. प्लॅन सक्सेसफुल.
त्या वेळी मी दाढी करून राह्यलो होतो. सायरन झाला तसा टॉवेल आत घेतला, कडी लावली, पलंगाखाली बसलो. घराची सेफ्टी चेक करत होतो. पाण्यानं दार उघडेना. टेकडीवर मी दिसलो नाही म्हणून काकू अन तिची सून गौरी परत आल्या, छपराचे कवेलू काढून मले वर ओढलं.
गौरी म्हणे, भाऊजी, तुमचा भोंगा कोणता होता?
काकूनं सगळ्यांसमोर पदरानं तोंड पुसलं माझं. लोकांचं टेन्शन कमी व्हावं म्हणून थोडा रडलो.