लेणं अपूर्ण, प्रांतपाल फितूर

विश्रांतवाडी, पुणे
रविवार

चि. आयुष यास,

सुखदेवकाकाचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. तू आणि सूनबाई खुशाल असाल असं धरून चालतो (खराडीत आजारी पडायला वेळ कुठे मिळतो?). इकडे माझा रक्तदाब सोडून सगळं उत्तम आहे, आणि त्या रक्तदाबाला सर्वस्वी तू जबाबदार आहेस.

तू आणि तुझ्या ऑफिसातल्या मित्रांनी जो मॉड केलात (म्हणजे गेम परक्यांचा, त्यात आपले दीड हजार वर्षांपूर्वीचे राजे तुम्ही घुसवलेत, एवढं मला आता कळतं), तो खेळून फीडबॅक द्या म्हणालास. सोबत फॉर्म पाठवलास, एक ते पाच तारे द्या म्हणून. संतापाला त्यात रकाना नाही. म्हणून हे पत्र, तेही स्पीड पोस्टाने, म्हणजे मिळालं नाही असं म्हणायची सोय नको.

रोम बुडायला टेकलेलं, तरी त्याला सोळा तऱ्हेचे सैनिक. आणि आपल्या वाशीमच्या, म्हणजे तेव्हाच्या वत्सगुल्माच्या, हरिषेण महाराजांना तीन, त्यातला एक हत्ती. अरे, तुझं मूळ गाव ते! पण हेही मी गिळलं, कारण मला लढायचंच नव्हतं. मला अजिंठ्याचं एक लेणं पूर्ण करायचं होतं. लग्नाच्या वर्षी तुझ्या ललिताकाकूला अजिंठा दाखवायचा शब्द दिला होता, त्याला यंदा अडतीस वर्षं झाली. सरकारी इंजिनिअराच्या नोकरीत अकरा बदल्या. एकदा तर सिल्लोडला होतो, अजिंठा तासाभरावर, पण सामान सोडतोय तोच गडचिरोलीची ऑर्डर. म्हटलं, निदान संगणकात तरी तिच्या नावाचं लेणं कोरावं. (लेण्यावर दात्याचं नाव घालायची सोय ठेवलीत, तेवढं एक शहाण्यासारखं केलंत.)

आता तुझ्या गेमचा न्याय ऐक. तीन वर्षं झाली की बदली, हा नियम आहे. एका जागी माणूस फार राहिला की ठेकेदारांच्या घरी जेवायला जातो, हे मी नोकरीभर पाहिलं. म्हणून विदर्भाचा प्रांतपाल कोकणात, कोकणातला आंध्रात, असे सगळे वेळच्या वेळी फिरवले. तर प्रत्येक बदलीला त्यांची निष्ठा दहा अंकांनी खाली! मी अकरा सोसल्या, माझी निष्ठा कधी ढळली का? तुझे प्रांतपाल मात्र चौथ्या बदलीला फितूर, सहाच्या सहा, एकाच पावसाळ्यात. लेण्याच्या मुख्य कारागिराचीही मुदत भरली होती, त्याला नियमाप्रमाणे कोसलला हलवला, तर कामच ठप्प. छताचं रंगकाम तेवढं राहिलं होतं. पडद्यावर पाटी आली: "आपले राज्य संपुष्टात आले आहे. लेणे अपूर्ण." तीनदा पहिल्यापासून खेळलो, तिन्ही वेळा अपूर्ण. हा दोष गेमचा नाही तर कोणाचा?

काकू मागे उभी होती. "अहो, त्या बिचाऱ्या कारागिराला तरी राहू द्यायचं होतंत," एवढंच म्हणाली आणि भाजी निवडायला गेली. मला ते फार लागलं. तुझ्या मॉडला मी एक तारा देतो, तोही हत्तीला.

तुझा,
सुखदेवकाका

ता. क. : नवीन अपडेट इतक्यात पाठवू नकोस. माझं चौथं राज्य ऐन भरात आहे.

ता. क. दुसरा (मंगळवार, पत्र टाकायचं राहिलंच होतं) : काल दुपारी मी बँकेत गेलो असताना काकूने स्वतःचं राज्य मांडलं. एकाचीही बदली केली नाही. मी परत येईपर्यंत लेणं पूर्ण. दात्याच्या रकान्यात तिने माझं नाव घातलंय.

तर शनिवारी गाडी काढ, अजिंठ्याला जायचं आहे, खऱ्या. तिचे गुडघे दुखतात, तेव्हा डोलीवाल्यांची चौकशी करून ठेव. तिला मी अजून सांगितलेलं नाही. तू दारात गाडीची किल्ली घेऊन उभा राहिलास की मगच सांगेन. माझ्या नुसत्या शब्दावर बॅग भरणं तिने सिल्लोडलाच सोडलं.