दोन सीटा आणि एक डिकी

४ मार्च, सोमवार. सकाळी ७.
निवृत्तीनंतरचा पहिला प्रवास. समुद्रावर चार दिवस, मी आणि बायको. अकरा वर्षांत दोघं कुठे गेलो नाही. ती हो म्हणाली, पण बजावलं की या खेपेला घोळ घातलात तर पुन्हा मला विचारू नका. घोळ कसला? गाडी नुकतीच घेतलेली, दोन सीटांची, टप उघडणारी. डिकी टेपने मोजली. नियम केला: माणशी एक बॅग.

५ मार्च.
बायकोची बॅग तपासली. जादा चप्पल, दोन पुस्तकं, शाल काढायला लावली. तिने ती कपाटात ठेवली. पटलं असावं. माझ्या बॅगेत कंबरेचा पट्टा, गुडघ्यांचे दोन (गुडघेच दोन, इलाज नाही), गोळ्यांचा डबा, तीन टोप्या. टोप्या उडतात.

६ मार्च.
अवजारांची पेटी, ऑइल, कूलंट, पंप, गाडी ओढायची दोरी, गाडीचं कव्हर. हे गाडीचं सामान. गाडीला नियम लागू नाही. उचलताना कंबर धरली.

७ मार्च, दुपार.
ट्रायल. डिकीत सगळं बसलं! टप उघडायला गेलो तर अडकला. मेकॅनिक आला. म्हणाला, साहेब, टप उघडला की दुमडून डिकीतच जातो, तुम्ही टप बंद ठेवून माप घेतलंत. मला ठाऊक होतंच, फक्त त्या वेळी लक्षात नव्हतं. बायको म्हणाली, मग टप बंद ठेवूनच जाऊ, मला चालेल. हिला मुद्दाच कळत नाही. टप बंदच ठेवायचा तर जुनी गाडी काय वाईट होती? थकलो.

८ मार्च. सकाळी ६.
टप उघडा. बायकोची बॅग आता पर्सएवढी, ती मांडीवर घेते म्हणाली. पेटी तिच्या पायाशी, कव्हर पाठीशी, पंप बाजूला. पाय कुठे ठेवू, तिने विचारलं. जरा अॅडजस्ट कर म्हटलं. ती उतरली आणि बसने गेली. भांडली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.
मागोमाग निघतोच. सीट रिकामी झाली, म्हणजे घडीची खुर्चीही मावेल.

८ मार्च, संध्याकाळ.
चाळीस किलोमीटरवर गाडी बंद. अवजारं सगळी होती. काय बिघडलंय तेवढं कळलं नाही. एका टेम्पोने ओढत घरी आणलं. दोरी कामी आली, हे बायकोला सांगायला हवं.

१० मार्च.
फोनवर सांगितलं. बरं, म्हणाली.

१२ मार्च, मंगळवार.
आज ती परत यायची. घर खायला उठतंय. दुपारी फोन आला, आणखी आठ दिवस राहते म्हणून. सकाळी एकटीच लांब चालत जाते, कुणी घाई करत नाही, छान वाटतं म्हणाली. कपडे पुरतील का विचारलं. पुरतात, म्हणाली.
मग म्हटलं, मी बसने येतो, नुसती एक पिशवी घेऊन. ती म्हणाली, नको, राहू दे.
नको म्हणाली. कधीच नको, असं काही म्हणाली नाही.