अंजनी सांगत होती

४ नोव्हेंबर १९७१, गुरुवार

कॅन्सरच निघाला! पोटातलं पाणी काढून तपासायला पाठवलं होतं, त्याचा रिपोर्ट आज आला. डॉक्टरीणबाईंनी आधी मला खुर्चीत बसवलं, मग सांगितलं — "अंडाशय का है, बहनजी. ऑपरेशन जल्दी करना पड़ेगा." हे शेजारी उभे होते, दारूगोळ्याच्या कारखान्यातून दोन तासांची सुट्टी काढून आलेले. दोनदा विचारलं, "पक्कं ना?" पक्कं.

परतताना रांझीला, आमच्या स्टॉपवर, बसमधून उतरल्यावर हे म्हणाले, "चहा घेशील?" लग्नाला पंचवीस वर्षं झाली, बाहेर चहा प्यायला कधी थांबलो नव्हतो. तेव्हा भीती वाटली. तोवर नव्हती वाटली.

५ नोव्हेंबर

कोणाला सांगितलं नाही. पोळ्या केल्या. दोन करपल्या.

१० नोव्हेंबर, बुधवार

लिहायचं टाळत होते. पण वहीशिवाय कोणाला सांगू!

सहा दिवस झाले, माझ्या दुखण्यापेक्षा अंजनीच आठवून राहिली आहे. माझी धाकटी जाऊ. भाऊराव भावजींची बायको. पासष्टची लढाई झाली त्या वर्षी आम्ही सगळे याच क्वार्टरमध्ये एकत्र राहत होतो. होळीपासून ती सांगत होती — "ताई, पोट ताठ होऊन राहिलं. दोन घास खाल्ले की भरते." मी म्हटलं, ओवा खा. पुढे तर मी थट्टाच करायची. चैत्राच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या, त्यांच्यासमोर म्हटलं, "भांडी घासायची वेळ झाली की आमच्या अंजनीचं पोट दुखते!" सगळ्या हसल्या. तीही हसली.

दिवाळीच्या आधी गेली. बत्तीस वर्षांची. "पोटात गाठ होती," एवढंच सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. तिची बेबी तेव्हा बारा वर्षांची. भावजींची रेल्वेत कटनीला बदली झाली, बेबी माझ्याकडे राहिली. मला मोठी आई म्हणते.

आता माझंही पोट ताठ आहे. दोन घासांत भरतं.

१६ नोव्हेंबर

ऑपरेशनची तारीख मिळाली, सहा डिसेंबर. शेजारच्या राधाबाईंना कुठून तरी कळलं. म्हणाल्या, "दीदी, चाकू लगा तो और फैलता है. मेरी मौसी का वही हुआ." मला बरंच वाटलं! न जायला कारण मिळालं. संध्याकाळी ह्यांना सांगून टाकलं — मी नाही जाणार.

"काहून?"

"भीती वाटते."

ते खरं आहे. पण सगळं खरं ते नाही. जिचं दुखणं मी हसण्यावारी नेलं ती गेली. आता मी कोणत्या तोंडानं जगायची धडपड करू? हे ह्यांना बोलता आलं नाही. ते डबा घेऊन पुन्हा ड्युटीवर गेले. बारा-बारा तास काम चालू आहे. माझ्याशी भांडायलाही त्यांना वेळ नाही.

२५ नोव्हेंबर

बेबीला कपाटात दवाखान्याचा कागद सापडला. कॉलेजची वह्या-पुस्तकं तशीच हातात. "मोठी आई, ये क्या है? मला काहून नाही सांगितलं? मी बच्ची आहे का?" मग रडली. मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "सहा तारखेला मी कॉलेज बुडवते. तुझ्यासोबत येते." तिच्यापुढे माझा नकार टिकला नाही.

मी तिच्या आईसोबत एकदाही गेले नव्हते. कोपऱ्यावरच्या वैद्याकडेसुद्धा नाही.

४ डिसेंबर, शनिवार

लढाई लागली! काल संध्याकाळी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. बेबीनं खिडक्यांच्या काचांना काळा कागद लावला. हे कालपासून कारखान्यातच आहेत. डॉक्टरीणबाईंचा निरोप आला — गडबडीमुळे सगळ्या तारखा पुढे गेल्या, तुम्ही वीसला या.

मनात पहिला शब्द आला — सुटले! कोणाकोणाची मुलं तिकडे लढून राहिली आणि मी लढाई लागली म्हणून खूश! शी!

९ डिसेंबर, गुरुवार

सांगून टाकलं बेबीला.

दुपारी व्हरांड्यात दोघी मटार सोलत होतो. ती म्हणाली, "वीसला घाबरू नको, चलो, मी आहे ना." ते मला सहन झालं नाही. म्हटलं, "बेबी, तुझी आई सात महिने सांगत होती पोट दुखते म्हणून. मी ऐकलं नाही. ढोंग करते म्हटलं. चार बायकांत हसले तिला."

तिचे हात थांबले. "तुला माहीत होतं?"

"दुखते ते माहीत होतं. एवढं आहे ते नव्हतं माहीत."

"विचारलं का नाही मग?"

खरंच नव्हतं विचारलं. ती उठली. पदरभर मटारच्या शेंगा तशाच राहिल्या, मी एकटीनं सोलल्या.

१० डिसेंबर

बेबी सकाळच्या गाडीनं कटनीला गेली, बापाकडे. जाते म्हणून राधाबाईंना सांगितलं, मला नाही. तिची चूक नाही.

१३ डिसेंबर

दोनदा हाक मारली तिला, भाजी काय करू म्हणून.

१७ डिसेंबर, शुक्रवार

लढाई संपली. आपण जिंकलो! बाजारात पेढे वाटून राहिले, ढोल वाजतो आहे. हे चौदा दिवसांनी धड घरी आले आणि जेवता जेवता बसल्या जागी झोपले. हातातला घास मी काढून ठेवला. किती वाळले!

कटनीहून पत्र नाही. वीसला मी जाणार नाही. ह्यांना उठल्यावर सांगेन. आता पक्कं.

१९ डिसेंबर, रविवार

बेबी आली. सोबत भावजी. ते बसले नाहीत, उभ्यानंच बोलले — "वहिनी, अंजनीला मी वैशाखात मोठ्या डॉक्टरला दाखवलं होतं. ऑपरेशन सांगितलं होतं त्यांनी. ती घाबरली, नाही म्हणाली. मीही जोर केला नाही." मग खाली पाहून, "म्हणाली, ताईंना सांगू नका. त्या हसतील."

बेबी म्हणाली, "मला अजून राग आहे. पण उद्या तू दवाखान्यात चालून राहिली." आणि माझ्या दोन साड्या पिशवीत भरल्या.

तिसरी मी काढून दिली.